गोल डबे, चौकोनी डबे

कोल्हापूरकडे मटण रांधताना एक वेळ अशी येते, की पातेल्यात जे काही आहे त्याचे पुढे काय होणार हे अजून ठरलेले नसते. कांदा, आले-लसूण आणि हळद यांवर मटण शिजत आलेले असते, हाडांतला अंश पाण्यात उतरलेला असतो, पण तिखट पडलेले नसते, नारळाचे दूध पडलेले नसते आणि वाटण अजून मिक्सरच्या भांड्यातच असते. या पाण्याला आमच्याकडे अळणी म्हणतात. त्यातल्या एका भागाला नारळाचे दूध, तीळ-खसखशीचे वाटण आणि खडा मसाला लावला की पांढरा रस्सा होतो. दुसऱ्या भागात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि कोल्हापुरात ज्याला नुसते ‘चटणी’ म्हणतात तो कांदा-लसूण मसाला गेला की तांबडा होतो. आणि या दोन्हींच्या आधी वाटीभर बाजूला काढलेले अळणी घरातल्या लहान मुलांना मऊ भातावर मिळते. तांबड्या-पांढऱ्याची कीर्ती आता सगळीकडे पोहोचली आहे, हॉटेलांच्या पाट्यांवर त्यांची नावे झळकतात. अळणीच्या वाट्याला तेवढा मान आला नाही, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण पाने वाढेपर्यंत ते शिल्लकच राहत नाही.

मी ते शिल्लक ठेवतो. गेली अकरा वर्षे पुण्यातल्या आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी मी केवळ अळणीसाठी हाडे आणतो, दुपारभर शिजवतो, गाळतो, निववतो आणि डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. पुढचे तीन-चार आठवडे ते डबे एकेक करून बाहेर येतात. कधी अख्खा मसूर त्यात शिजतो, कधी भात, कधी ज्वारीच्या कण्या. आणि पावसाळ्यात कचेरीतून भिजून आलेल्या संध्याकाळी नुसते कढवून, मिरपूड आणि लिंबू घालून ते पेल्याने प्यायले जाते. रविवारी शिजवताना यातले काहीही माझ्या मनात नसते, आणि मला या उद्योगाचा लळा लागला तो बहुधा त्यामुळेच. पांढरा रस्सा केला की तो पांढराच राहतो, त्याचा पुन्हा तांबडा होत नाही. अळणीला मात्र बुधवारी संध्याकाळी विचारता येते, की बाबा रे, तुला आज काय व्हायचे आहे?

स्टॉक किंवा ब्रॉथ या इंग्रजी शब्दांना मराठीत एकच एक प्रतिशब्द शोधायला गेलो, तर तो सापडत नाही, कारण आपण प्रत्येक पातेल्यातल्या पाण्याला निराळे नाव देऊन बसलो आहोत. मुगाचे ते कढण, कुळथाचे ते कळण, पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीवरून काढलेला तो कट, आणि त्या कटाची जी आमटी होते ती कोल्हापूर-सोलापूरकडे येळवणी. कोकणात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वाफवताना सुटलेले खारट पाणी जाणते लोक ओतून देत नाहीत, वाळू खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी रश्श्यात घालतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: यांतले प्रत्येक पाणी त्या-त्या दिवसाचे असते. आजाऱ्यासाठी कढण केले तर ते त्याच दुपारी संपते. त्याला उद्या असतो, ही कल्पना आपल्या स्वयंपाकघरात फ्रीझरबरोबर आली आणि ती अजून पुरती रुळलेली नाही, हे पुढे सांगणार आहे त्या प्रसंगावरून दिसेलच.

आमच्या घरी रविवारचे मटण आबा, म्हणजे माझे वडील, रांधत. कोल्हापुरात पुरुषांनी मटण रांधणे ही नवलाची गोष्ट नाही. चार मित्र जमवून नदीकाठी किंवा कोणाच्या शेतावर चूल मांडायची, त्याला तिथे रस्सा मंडळ म्हणतात, आणि अशा मंडळात कांदा कापण्यापासून चव सांगण्यापर्यंत प्रत्येकाचे काम वर्षानुवर्षे ठरलेले असते. आबांचे काम होते पातेल्याजवळ बसणे. ते पातेल्यावर खोलगट ताट झाकण म्हणून ठेवत आणि त्या ताटात पाणी ओतत. खालच्या वाफेने ताटातले पाणी तापे. पातेल्यातले पाणी कमी झाले की तेच गरम पाणी आत जाई आणि ताटात नवे येई. “नळाचं पानी वतू नगंस, मटण रुसतंय बघ,” असे ते मला बजावत. मटण रुसते म्हणजे काय होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. थंड पाणी एकदम पडले, की उकळी मोडते आणि शिजण्याचा वेळ लांबतो. शिवाय ताटातले पाणी जोवर पातेल्यातल्या वाफेपेक्षा थंड असते, तोवर ती वाफ ताटाच्या बुडाला लागून पुन्हा थेंबांच्या रूपाने आत पडत राहते आणि वास बाहेर फारसा जात नाही. उंची यंत्रांच्या पुस्तिकांत ज्याला मोठी नावे देतात, ते काम एक जर्मनचे ताट करत होते. (अॅल्युमिनिअमला आमच्याकडे जर्मन का म्हणतात, हे आबांनाही सांगता येत नसे.)

माझी पद्धत त्यांच्याच पद्धतीवर बेतलेली आहे, फक्त हाडांचे प्रमाण वाढवले आहे. बोकडाच्या नळ्या आणि मान मिळून साधारण एक किलो, आणि चार पाये. पाये दुकानातच भाजून, खरवडून मिळतात. घरी आणल्यावर त्यांना कणीक आणि हळद चोळून दोन पाण्यांनी धुवावे लागते, त्यात आळस केला तर अळणीला एक जळकट वास येतो आणि तो पुढे कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही. चमचाभर तेलावर दोन कांदे, आले आणि एक गड्डा लसूण परतायचा, हळद घालायची, हाडे त्यात पाच-सात मिनिटे हलवायची आणि मग चार लिटर पाणी. वर ताट. उकळी आली की आच इतकी मंद करायची, की पाण्याच्या पृष्ठभागावर एखाद-दुसराच बुडबुडा यावा. धडधडा उकळू दिले तर चरबी पाण्यात फेटली जाते आणि अळणी गढूळ होते. सुरुवातीला जो करडा फेस येतो, तो पळीने काढत राहायचे. अडीच-तीन तासांनी चार लिटरांचे अडीच लिटर उरते. कुकरमध्ये हेच काम पाऊण तासात होते, कारण दाबाखाली पाणी 100 अंशांऐवजी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. घाई असेल तर मीही कुकर लावतो, पण त्या अळणीत मला एक शिट्टीची घाई लागते. हा माझा पूर्वग्रह असू शकेल.

मीठ मी घालत नाही. अळणी या शब्दाचा अर्थच बिनमिठाचे असा असला, तरी आमच्या घरी तेव्हाही त्यात चिमूटभर मीठ पडत असे, आणि लगेच वाढायचे असेल तर ते योग्यही आहे. साठवायच्या अळणीत मात्र मीठ नको. ते पुढे आटणार की पातळ होणार, आमटीत जाणार की भातात, हे ठाऊक नसताना मीठ घालणे म्हणजे पत्ता लिहिण्याआधी पाकीट टाकून देण्यासारखे आहे.

शिजून झाल्यावर नळ्यांचा न्याय वेगळा होतो. ताटावर आपटून, नाही निघाले तर चमच्याच्या दांड्याने कोरून, आतला मगज तिथल्या तिथे खायचा असतो आणि तो साठवण्याचा विचारही मनात आणू नये.

खरा कस शिजवण्यात नसून निववण्यात आहे, हे मला एका मे महिन्याने शिकवले. रात्री दहाला गॅस बंद केला, पातेले झाकून ओट्यावर ठेवले आणि सकाळी गाळू म्हणून झोपलो. आबा असेच करत असत. पण ते थंडीच्या दिवसांत, आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा कढवून. पुण्यात त्या रात्री उकाडा होता. सकाळी झाकण काढले तेव्हा कडेला बारीक फेस होता आणि वासात एक आंबूस कड होती. पहिला विचार आला तो पुन्हा खळखळून उकळण्याचा, कारण उकळले की सगळे मरते अशी आपली श्रद्धा असते. ती अपुरी आहे. काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यातूनही तगून राहतात, आणि पातेले कोमट असताना तासन्‌तास पडून राहिले, की त्यातून नव्याने वाढतात. काहींनी त्या वेळात सोडलेली विषे तर उकळूनही नष्ट होत नाहीत. अडीच लिटर अळणी मोरीत ओतताना, दुपारभर पाहिलेली आच, धुतलेले पाये, सगळे डोळ्यांपुढून गेले, आणि त्याच संध्याकाळी मी मोठी परात विकत आणली.

आता गाळलेले अळणी दोन रुंद, उथळ पातेल्यांत विभागतो, ती पातेली परातीतल्या थंड पाण्यात ठेवतो, पाण्यात बर्फ टाकतो आणि पळीने ढवळत राहतो. खोल पातेल्याच्या पोटातली ऊब तासन्‌तास हटत नाही, उथळ पातेल्यातली अर्ध्या-पाऊण तासात जाते. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेले पाहिजे, हा नियम मी पाळतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिले, की वर चरबीचा पांढरा, कडक थर येतो, तो उचलून घ्यायचा. त्यातला चमचाभर तांबड्याच्या फोडणीला राखून ठेवला तर बिघडत नाही. आणि थराखाली जे असते ते पाणी राहिलेले नसते. पातेले हलवले की ते थरथरते. पायांच्या आणि सांध्यांच्या कातडी-कुर्च्यांत कोलॅजन असते, मंद आचेवर तासन्‌तास शिजून त्याचे जिलेटिन होते आणि थंडीत तेच पाण्याला धरून ठेवते. अळणी थरथरले तर जमले, पाण्यासारखे हलले तर पाये कमी पडले किंवा आच लवकर बंद झाली, याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

डब्यांच्या बाबतीत माझी फजिती आधी झाली आणि शहाणपण मागून आले. पहिल्या वर्षी मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवली. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, हे शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. सकाळी बरणी उभी चिरलेली होती आणि आत बरणीच्याच आकाराचा हळदी रंगाचा दगड होता, ज्यात काचेचे किती कण गेले असतील हे सांगता येत नसल्याने तोही टाकावा लागला. तेव्हापासून घट्ट झाकणाचे गोल डबे, प्रत्येकी अर्ध्या लिटरचे, आणि वर दीड बोट जागा. थोडे अळणी आटवून पाव करतो आणि बर्फाच्या साच्यात ओततो; एका खणात दोन चमचे मावतात, आणि भाजीच्या रश्श्याला अंगच नाही असे वाटले की त्यातला एक खडा पुरतो. फ्रीझर उणे 18 अंशांवर असला तर अळणी दीर्घ काळ टिकते, पण तीन महिन्यांनंतर त्याला फ्रीझरचीच एक चव लागू लागते, म्हणून मी दोन महिन्यांच्या पुढे जात नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र तीन-चार दिवसच. वीज बराच वेळ जाते अशा घरांसाठी एक जुनी युक्ती आहे: वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. गावाहून परत आल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी दिसले, तर मागे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजायचे आणि डबे रिकामे करायचे.

आटवून वड्या करणे ही कल्पना अर्थातच माझी नव्हे. डेनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनमध्ये जे घट्ट झाकणाचे, वाफेच्या दाबाचे भांडे करून दाखवले, ते हाडे मऊ करून त्यांतला अंश काढण्यासाठीच; आपला कुकर त्याचा वंशज. पुढच्या शतकात इंग्रजी आरमार मांसाचे पाणी आटवून केलेल्या, कडक सरसासारख्या वड्या जहाजांवर नेई, आणि 1768 मध्ये निघालेल्या कॅप्टन कुकच्या ‘एंडेव्हर’वरही त्या होत्या. आज किराणा दुकानात मिळणारे छोटे चौकोनी खडे त्याच कुळातले. त्यांच्यावर माझा राग नाही, अडीअडचणीला मीही ते वापरले आहेत. पण पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली तर घटकांच्या यादीत बहुधा मीठच पहिले असते. म्हणजे ते काहीही असले तरी अळणी नाही. त्यांची चव कारखान्यातच ठरून आलेली असते आणि आमच्या बुधवारच्या मसुरालाही ती पत्करावी लागते.

आता त्या प्रसंगाकडे येतो. सासरे गेल्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्या माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. मी मटण मागच्या गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत करू लागलो आणि त्यांनी त्या दिशेला न पाहण्याचे व्रत घेतले. वास, भांडी, घासणी, सगळ्याची वाटणी झाली. फ्रीझरची झाली नाही, कारण तो एकच होता आणि त्यात अन्न ठेवणे त्यांना मुळातच मान्य नव्हते. रांधल्याच्या दुसऱ्या दिवशी ते शिळे, मग बर्फात ठेवा नाहीतर हिमालयात, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना विचारले, की मग कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते म्हणून तुम्ही मुद्दाम जास्त करता ती? त्या म्हणाल्या, “जावईबापू, ती मुरलेली. शिळी नव्हे.” या भेदावर मला उत्तर सुचले नाही, आणि खरे तर अजूनही सुचलेले नाही.

पण त्या वर्षी होळीला पुरण जास्त झाले. डाळ शिजवतानाच पाणी सढळ घातले होते, त्यामुळे कटही पातेलेभर निघाला. आमटी करून उरलेला कट त्या ओतून देऊ लागल्या तेव्हा मी मध्ये पडलो. कट म्हणजे शेवटी डाळीचे अळणीच. त्यात अजून चिंच-गूळ नाही, गोडा मसाला नाही, खोबरे नाही. तो मी अर्धा-अर्धा लिटर करून, माझ्या अळणीसारख्याच गोल डब्यांत भरला, चिकटपट्टीवर ‘कट’ असे लिहिले आणि फ्रीझरच्या डाव्या बाजूला ठेवला. “असा बर्फ करून ठेवला तर होळी ती कशाला?” असे त्या म्हणाल्या, पण अडवले नाही. दोन आठवड्यांनी एक डबा निघाला, त्याची आमटी झाली आणि पानात पुन्हा वाढून घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, यावरून ती चांगली झाली असावी असे मी समजलो.

दुसरा डबा काढायचा दिवस उजाडला तेव्हा फ्रीझरच्या तळाशी तीन सुट्या चिकटपट्ट्या पडलेल्या होत्या आणि तीन डबे निनावी झाले होते. साध्या चिकटपट्टीचा डिंक दमट थंडीत हात सोडतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. गोठलेला कट पिवळा, हळद घातलेले गोठलेले अळणी पिवळे. वर दोन्हींवर बर्फाची तीच पांढरी बुरशीसारखी साय. डावी-उजवी बाजू आठवत होती, पण मधल्या काळात आइस्क्रीम ठेवायला कोणीतरी सगळे हलवले होते. तीन डबे ओट्यावर ओळीने ठेवून मी, पत्नी आणि सासूबाई असे तिघे त्यांच्याकडे पाहत उभे होतो. गोठलेल्या पदार्थाला वास नसतो, हे त्या दिवशी नव्याने समजले.

पत्नी म्हणाली, थोडे वितळवून पाहू. मी म्हणालो, रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवू, जिलेटिन असलेले थरथरेल, डाळीचे पाणी सरळ वाहेल आणि तळाला साका दिसेल. शास्त्र बिनचूक होते आणि सकाळी तसेच झाले: एक डबा पाण्यासारखा हलला, दोन थरथरले. पण सासूबाईंच्या दृष्टीने प्रश्न शास्त्राचा नव्हताच. ज्याबद्दल एक रात्र शंका होती, ते त्यांच्या पानात येणे शक्य नव्हते. तो कट मग मी आणि पत्नीने दोन दिवस खाल्ला, त्यांनी मेतकूट-भात खाल्ला, आणि त्या दोन दिवसांत मला कोणी एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

मी बाजारात जाऊन सहा चौकोनी डबे आणले. रंगीत झाकणे अदलाबदल होऊ शकतात, पट्ट्या पडू शकतात, आकार पडत नाही. त्यानंतर घरात नियम झाला, की गोल ते गॅलरीचे आणि चौकोनी ते ओट्यावरचे. गोल डबा ओट्यावर उघडायचा नाही आणि चौकोनी डब्यात डाळी-भाज्यांच्या पाण्याखेरीज काही जायचे नाही. भाज्यांचे पाणी ही पुढची पायरी आपोआप आली. मटारच्या शेंगांची साले, कोथिंबिरीच्या काड्या, गाजराची टोके, दुधी भोपळ्याची साल, असे आठवडाभर साठवून शनिवारी अर्धा तास उकळले, की त्याचेही एक हलके अळणी होते. कोबी-फ्लॉवरचे देठ मात्र त्यात घालू नयेत, उग्रट वास येतो. चातुर्मासात ज्या काळात कांदा-लसूण नसतो, तेव्हा सासूबाईंच्या आमटीला हे पाणी कामाला येते. त्या त्याला अळणी म्हणत नाहीत, कारण तो शब्द गॅलरीतला आहे. त्या कढण म्हणतात, आणि कढण मुगाचेच असते हे त्यांना सांगण्याची हिंमत मी केलेली नाही.

यंदा होळीच्या आदल्या संध्याकाळी त्या डाळ निवडत बसल्या होत्या. परातीतली डाळ मला नेहमीपेक्षा दुप्पट दिसली. पुरणपोळ्या खाणारे आम्ही पाचच जण, म्हणून मी विचारले, की कोणी पाहुणे येणार आहेत का. त्यांनी मान वर न करता एक खडा वेचून बाजूला टाकला.

“जावईबापू, चौकोनी डबे सहाच आहेत. उद्या कमी पडतील. आणखी दोन आणून ठेवा.”